सूर्याच्या वातावरणातील चुंबकीय क्षेत्राचे मापन

सूर्याच्या वातावरणातील चुंबकीय क्षेत्राचे मापन म्हणजे सूर्याचा दृश्य पृष्ठभाग (दीप्तिगोल), त्यावरील वर्णगोल आणि सर्वांत बाहेरचे किरीट (करोना) या थरांतील चुंबकीय क्षेत्राची तीव्रता व दिशा ठरविण्याच्या पद्धती होत. सूर्याजवळ चुंबकमापक नेणे बहुतांशी अशक्य असल्याने हे मापन तेथून येणाऱ्या प्रकाशावरून व रेडिओ लहरींवरून करावे लागते. अणूंनी उत्सर्जित केलेल्या किंवा शोषलेल्या प्रकाशावर चुंबकीय क्षेत्राचा जो ठसा उमटतो, तो ओळखणे व वाचणे हे या मापनाचे सूत्र आहे.

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये सौरडागांत तीव्र चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखवून दिले. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्राचा शोध लागण्याची ही पहिलीच वेळ होती. तेव्हापासून दीप्तिगोलातील क्षेत्राचे मापन नित्याचे झाले आहे. सौर ज्वालांची ऊर्जा मात्र मुख्यतः किरीटातील चुंबकीय क्षेत्रात साठलेली असते आणि किरीटातील मापन सर्वांत कठीण आहे. ज्या थरातील क्षेत्र जाणून घेण्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच थरातील क्षेत्र सर्वांत कमी माहीत असणे, ही या विषयातील मध्यवर्ती अडचण आहे.

मापनाची गरज

सौरडाग, सौर ज्वाला, तेजःशृंगे आणि किरीटातून होणारे द्रव्याचे प्रचंड उत्क्षेप या सर्व घटनांच्या मुळाशी चुंबकीय क्षेत्र असते. किरीटातील आयनद्रायू (प्लाझ्मा) अतिशय विरळ असल्यामुळे तेथे वायूच्या दाबापेक्षा चुंबकीय दाब सामान्यतः बराच अधिक असतो. त्यामुळे द्रव्याला क्षेत्ररेषांच्या वळणानुसार राहावे लागते. किरीटाच्या छायाचित्रांत दिसणाऱ्या कमानी हे त्याचेच दृश्य रूप होय. या कमानी पिळल्या गेल्या की क्षेत्रात जादा ऊर्जा साठते. क्षेत्ररेषा तुटून नव्याने जोडल्या गेल्या की ती ऊर्जा अल्पावधीत मोकळी होते.

या घटनांचा परिणाम पृथ्वीवरही होतो. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधून एक प्रखर सौर ज्वाला पाहिली. त्यानंतर एका दिवसाच्या आतच पृथ्वीवर तीव्र भूचुंबकीय वादळ झाले. या वादळात मुंबईतील कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. त्या वादळाच्या अभ्यासात ही नोंद आजही महत्त्वाची मानली जाते. असे वादळ आज झाल्यास विद्युत वितरण, उपग्रह व दळणवळण यांना धोका संभवतो. त्याची पूर्वसूचना मिळण्यासाठी सूर्यावरील क्षेत्र कोठे व किती पिळले गेले आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

एकके व तीव्रता

सौर भौतिकीत चुंबकीय क्षेत्राची तीव्रता बहुधा गाउस या एककात देतात. १ टेस्ला म्हणजे १०,००० गाउस. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील क्षेत्र साधारणपणे ०.२५ ते ०.६५ गाउस असते. मोठ्या सौरडागाच्या गडद गाभ्यात ते सुमारे २,००० ते ४,००० गाउसपर्यंत पोहोचते. सूर्याच्या ध्रुवप्रदेशातील सरासरी क्षेत्र काही गाउस असते. किरीटात सूर्यबिंबाच्या कडेपासून काही अंतरावर ते अवघे काही गाउस उरते, तर सक्रिय प्रदेशांच्या लगत वरच्या बाजूस ते शेकडो गाउस असू शकते. इतक्या मोठ्या पल्ल्यात एकच पद्धत सर्वत्र उपयोगी पडत नाही.

झीमन परिणाम

डच भौतिकशास्त्रज्ञ पीटर झीमन यांना १८९६ मध्ये लायडन येथे असे आढळले की, प्रकाशाचा उद्गम तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता त्याच्या वर्णपटातील रेषा रुंदावतात. पुढे या रेषा अनेक घटकांत विभागल्या जात असल्याचे स्पष्ट झाले. हेन्ड्रिक लोरेन्ट्स यांनी या घटनेचे सैद्धांतिक स्पष्टीकरण दिले. या कार्याबद्दल दोघांना १९०२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

चुंबकीय क्षेत्रात अणूची एक ऊर्जापातळी किंचित वेगवेगळ्या ऊर्जेच्या अनेक उपपातळ्यांत विभागली जाते. त्यामुळे एका रेषेच्या जागी निकटच्या तरंगलांबींच्या अनेक रेषा निर्माण होतात. साध्या स्वरूपात तीन घटक दिसतात : एक मूळ जागी आणि दोन त्याच्या दोन्ही बाजूंना. घटकांमधील अंतर क्षेत्राच्या तीव्रतेच्या समप्रमाणात आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. त्या रेषेची चुंबकीय संवेदनशीलता लांदे गुणकाने व्यक्त करतात.

हे अंतर फारच लहान असते. उदासीन लोह अणूची ६१७.३ नॅनोमीटरची रेषा चुंबकीय क्षेत्राला विशेष संवेदनशील असून तिचा लांदे गुणक २.५ आहे. सौरडागातील ३,००० गाउसच्या क्षेत्रात तिचा बाजूचा घटक मूळ जागेपासून सुमारे ०.०१३ नॅनोमीटर सरकतो. अणूंच्या उष्णताजन्य व इतर गतींमुळे रेषेला मुळातच सुमारे ०.०१ नॅनोमीटर रुंदी असते. म्हणून सौरडागात घटक वेगळे ओळखू येतात. १० गाउसच्या क्षेत्रात मात्र हे सरकणे ३०० पटींनी कमी होते आणि रेषेच्या रुंदीत पूर्णपणे लपून जाते.

ध्रुवणाचे महत्त्व

क्षीण क्षेत्राचे मापन शक्य होते ते ध्रुवणामुळे. क्षेत्र निरीक्षकाच्या दृष्टिरेषेच्या दिशेने असेल, तर बाजूचे दोन घटक परस्परविरुद्ध दिशांनी वर्तुळाकार ध्रुवित असतात. क्षेत्र दृष्टिरेषेला लंब असेल, तर घटक रेषीय ध्रुवित असतात. रेषा फुटलेली दिसत नसली तरी तिच्या एका कडेला उजव्या आणि दुसऱ्या कडेला डाव्या वर्तुळाकार ध्रुवणाचा किंचित अधिक अंश उरतो. या फरकावरून क्षेत्राची तीव्रता आणि ते निरीक्षकाकडे येणारे आहे की दूर जाणारे, हे दोन्ही ठरविता येते.

ध्रुवित प्रकाशाचे संपूर्ण वर्णन जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या चार राशींनी करतात. पहिली राशी एकूण तीव्रता, दुसरी व तिसरी रेषीय ध्रुवण आणि चौथी वर्तुळाकार ध्रुवण दर्शविते. चारही राशी रेषेच्या प्रत्येक तरंगलांबीस मोजल्यास क्षेत्राचा सदिश, म्हणजे तीव्रता व दिशा, काढता येतो. क्षीण क्षेत्रात वर्तुळाकार ध्रुवण क्षेत्राच्या समप्रमाणात, तर रेषीय ध्रुवण क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. परिणामी दृष्टिरेषेला लंब असणारा घटक मोजणे अधिक अवघड असते आणि त्यातील त्रुटीही मोठी असते.

इतिहास

हेल यांचा शोध

हेल यांनी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत हायड्रोजनच्या रेषेत सूर्याची छायाचित्रे घेतली. त्यांत सौरडागांभोवती भोवऱ्यासारखी रचना दिसली. विद्युतभारित कण भोवऱ्यात फिरत असतील तर तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण झाले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. सौरडागांच्या वर्णपटात काही रेषा दुहेरी दिसतात, हे आधीच्या निरीक्षकांच्या लक्षात आले होते. परंतु त्याचा चुंबकीय क्षेत्राशी संबंध जोडला गेला नव्हता. हेल यांनी ६० फूट उंचीच्या मनोरा दूरदर्शकाच्या साहाय्याने या घटकांचे ध्रुवण तपासले. ते झीमन परिणामाशी जुळणारे निघाले.

निष्कर्ष खरा ठरला, तरी त्यामागील भोवऱ्याची कल्पना टिकली नाही. जॉन एव्हरशेड यांनी तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत जानेवारी १९०९ मध्ये सौरडागांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. डागाच्या उपच्छायेतील वायू गोलाकार फिरत नसून मुख्यतः केंद्रापासून बाहेरच्या दिशेने वाहतो, असे त्यांना आढळले. या प्रवाहास एव्हरशेड परिणाम म्हणतात.

हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये सौरडागांच्या ध्रुवतेचे नियम प्रसिद्ध केले. डागांच्या जोडीतील पुढचा व मागचा डाग सामान्यतः विरुद्ध ध्रुवतेचे असतात. उत्तर व दक्षिण गोलार्धांत हा क्रम उलट असतो. आणि सुमारे ११ वर्षांच्या पुढील चक्रात तो पालटतो. म्हणून सूर्याचे पूर्ण चुंबकीय चक्र सुमारे २२ वर्षांचे मानतात.

मॅग्नेटोग्राफ

हेल यांच्या पद्धतीने फक्त तीव्र क्षेत्रे मोजता येत. हॅरल्ड बॅबकॉक आणि त्यांचे पुत्र होरेस बॅबकॉक यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केलेल्या मॅग्नेटोग्राफने ही मर्यादा दूर केली. या उपकरणात विद्युतदाबाने नियंत्रित होणारा स्फटिक दोन्ही दिशांचे वर्तुळाकार ध्रुवण आलटून पालटून पुढे पाठवितो. रेषेच्या दोन्ही कडांवर ठेवलेले प्रकाशसंवेदक त्यांतील फरक नोंदवितात. त्यामुळे सुमारे १ गाउस इतके क्षीण क्षेत्रही ओळखता येऊ लागले. सूर्याची ध्रुवीय क्षेत्रे चक्राच्या महत्तम काळाच्या सुमारास उलटतात, हे १९५७–५८ मध्ये या उपकरणामुळेच दिसून आले.

जॅन स्टेन्फ्लो यांनी १९७३ मध्ये लोहाच्या ५२४.७ व ५२५.० नॅनोमीटरच्या दोन जवळजवळ सारख्या, पण भिन्न चुंबकीय संवेदनशीलतेच्या रेषांची तुलना केली. त्यातून असे निष्पन्न झाले की, डागांबाहेर जे क्षेत्र सरासरीने क्षीण भासते ते बऱ्याच अंशी हजार गाउसहून अधिक तीव्रतेच्या, परंतु अतिशय बारीक नलिकांत एकवटलेले असते. दूरदर्शकाला या नलिका वेगळ्या दिसत नसल्याने मोठ्या क्षेत्रफळावरील सरासरीच नोंदली जाते.

निरनिराळ्या थरांतील मापन

दीप्तिगोल

दीप्तिगोलातील मापन आज अवकाशातून अखंड चालते. १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानावरील उपकरण निकेलच्या ६७६.८ नॅनोमीटरच्या रेषेचा उपयोग करीत असे. २००६ मध्ये सोडलेल्या जपानच्या हिनोदे यानावर ५० सेंटीमीटर व्यासाचा दूरदर्शक असून तो लोहाच्या ६३०.१५ व ६३०.२५ नॅनोमीटरच्या रेषांमध्ये ध्रुवण मोजतो. फेब्रुवारी २०१० मध्ये सोडलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या अमेरिकन यानावरील उपकरण संपूर्ण सूर्यबिंबाचे दृष्टिरेषीय क्षेत्र दर ४५ सेकंदांनी आणि सदिश क्षेत्र दर १२ मिनिटांनी नोंदविते. जमिनीवरून १,५६४.८ नॅनोमीटरची अवरक्त लोहरेषाही वापरतात. तरंगलांबी वाढते तसे रेषेचे विभाजन तिच्या रुंदीपेक्षा अधिक वेगाने वाढत असल्यामुळे अवरक्त रेषा अधिक संवेदनशील ठरतात.

वर्णगोल

वर्णगोलासाठी आयनीभूत कॅल्शियमची ८५४.२ नॅनोमीटरची आणि हीलियमची १,०८३.० नॅनोमीटरची रेषा प्रामुख्याने वापरतात. येथे क्षेत्र क्षीण, रेषा रुंद आणि वायूची स्थिती वेगाने बदलणारी असते. शिवाय या विरळ थरात अणूंच्या ऊर्जापातळ्या केवळ स्थानिक तापमानावर अवलंबून नसतात. खालून येणाऱ्या प्रारणाचाही त्यांवर परिणाम होतो. त्यामुळे निरीक्षणांवरून क्षेत्र काढण्याची गणिते गुंतागुंतीची होतात.

या थरात व तेजःशृंगांत हानले परिणाम उपयोगी पडतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म हानले यांनी १९२४ मध्ये त्याचे स्पष्टीकरण केले. एका बाजूने येणारा प्रकाश अणूंकडून विखुरला गेला की तो रेषीय ध्रुवित होतो. क्षीण चुंबकीय क्षेत्र असल्यास हे ध्रुवण सामान्यतः कमी होते व त्याचे प्रतलही फिरते. झीमन परिणाम ज्या क्षेत्रांत अपुरा पडतो अशा काही गाउसच्या क्षेत्रांनाही तो संवेदनशील असतो. शांत तेजःशृंगांतील काही गाउसपासून काही दशक गाउसपर्यंतची क्षेत्रे या परिणामाच्या साहाय्याने मोजली गेली आहेत.

किरीट

दृश्य प्रकाशात किरीटाचे तेज दीप्तिगोलाच्या सुमारे दशलक्षांश किंवा त्याहूनही कमी असते. ते पाहण्यासाठी खग्रास सूर्यग्रहण किंवा बेर्नार लियो यांनी १९३० च्या सुमारास तयार केलेल्या करोनाग्राफसारखे, सूर्यबिंब झाकणारे उपकरण लागते. किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याने त्यातील रेषा रुंद असतात, तर क्षेत्र अतिशय क्षीण असते.

किरीटातील मापनासाठी बारा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची १,०७४.७ नॅनोमीटरची अवरक्त रेषा विशेष महत्त्वाची आहे. ४ गाउसच्या क्षेत्रात या रेषेचे सरकणे तिच्या रुंदीच्या हजारांश भागाहूनही कमी असते. तिच्या रेषीय ध्रुवणावरून क्षेत्राची दिशा कळते, परंतु तीव्रता कळत नाही. तीव्रतेसाठी अत्यंत दुर्बळ वर्तुळाकार ध्रुवणच मोजावे लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत हवाई बेटांवरील हालेआकाला येथून सूर्यबिंबाच्या कडेपासून सुमारे ७५,००० किलोमीटर उंचीवरील ४ गाउसचे क्षेत्र मोजण्यात आले. त्यासाठी तासाभराहून अधिक काळ प्रकाश गोळा करावा लागला होता. याच ठिकाणच्या ४ मीटर व्यासाच्या डॅनियल के. इनोये सौर दूरदर्शकाने घेतलेला किरीटातील चुंबकीय क्षेत्राचा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी पद्धत तरंगांवर आधारित आहे. किरीटातील क्षेत्ररेषांवरून जाणाऱ्या आडव्या तरंगांचा वेग क्षेत्राची तीव्रता व आयनद्रायूची घनता यांवर अवलंबून असतो. वेग व घनता स्वतंत्रपणे मोजल्यास तीव्रता काढता येते. हवाईतील मौना लोआ येथील करोनाग्राफच्या निरीक्षणांवरून या पद्धतीने तयार केलेला किरीटाचा व्यापक नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सूर्यकेंद्रापासून १.०५ ते १.३५ सौर त्रिज्या या पट्ट्यातील क्षेत्र सुमारे १ ते ४ गाउस आढळले.

रेडिओ निरीक्षणे

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती फिरतात. त्यांची परिभ्रमण वारंवारता दर गाउसला २.८ मेगाहर्ट्झ इतकी असते. सक्रिय प्रदेशांवरील उष्ण आयनद्रायू या वारंवारतेच्या दुपटी-तिपटीस रेडिओ लहरी उत्सर्जित करतो. ५ गिगाहर्ट्झचे उत्सर्जन तिसऱ्या पटीचे असेल, तर तेथील क्षेत्र सुमारे ६०० गाउस ठरते. ही पद्धत सूर्यबिंबासमोरील किरीटातही लागू पडते.

१० सप्टेंबर २०१७ रोजीच्या मोठ्या सौर ज्वालेत कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅली येथील रेडिओ दूरदर्शकांनी वेगवान इलेक्ट्रॉनांच्या उत्सर्जनाची नोंद केली. तिच्या विश्लेषणातून किरीटातील क्षेत्र सेकंदाला सुमारे ५ गाउस या वेगाने सुमारे दोन मिनिटे घटत असल्याचे दिसून आले. ज्वालेची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून येते, या सिद्धांताला त्यामुळे थेट निरीक्षणाचा आधार मिळाला.

गणिती विस्तार

किरीटातील थेट मोजमापे अपुरी असल्यामुळे दीप्तिगोलातील मोजमापांवरून वरचे क्षेत्र गणिताने काढण्याची प्रथा आहे. सर्वांत सोप्या प्रतिमानात किरीटात विद्युतप्रवाह नसल्याचे मानतात आणि साधारणपणे २.५ सौर त्रिज्यांवर क्षेत्र पूर्णपणे अरीय झाल्याचे गृहीत धरतात. हे प्रतिमान १९६९ पासून वापरात आहे. सूर्याच्या एकंदर चुंबकीय रचनेसाठी ते उपयुक्त आहे. पण ज्वालांना पुरणारी जादा ऊर्जा विद्युतप्रवाहांशीच निगडित असल्यामुळे ती त्यात येत नाही. प्रवाह विचारात घेणारी प्रतिमानेही आहेत. मात्र ती ज्या गृहीतकावर उभी आहेत ते किरीटात बऱ्याच अंशी खरे असले, तरी जेथे मोजमाप होते त्या दाट दीप्तिगोलात खरे नाही. म्हणून एकाच मोजमापावरून निरनिराळ्या पद्धतींनी काढलेल्या ऊर्जेच्या मूल्यांत लक्षणीय फरक पडू शकतो.

मर्यादा

झीमन परिणामात दृष्टिरेषेला लंब असणाऱ्या घटकाची दिशा १८० अंशांनी संदिग्ध राहते : क्षेत्र एका बाजूस आहे की नेमके विरुद्ध बाजूस, हे ध्रुवणावरून कळत नाही. शेजारच्या बिंदूंशी सुसंगती पाहून ही निवड करावी लागते. मोजलेले ध्रुवण एका ठरावीक उंचीवरून येत नसून काही जाडीच्या थरातून येते. किरीट तर पारदर्शक असल्याने एकाच दृष्टिरेषेवरील अनेक कमानींचा प्रकाश एकत्र मिसळतो.

ध्रुवप्रदेशांची अडचण वेगळी आहे. सूर्याचा अक्ष पृथ्वीच्या कक्षाप्रतलाच्या लंबाशी सुमारे ७.२५ अंशांचा कोन करीत असल्याने पृथ्वीवरून ध्रुव अतिशय तिरपे दिसतात. ध्रुवीय क्षेत्राच्या तीव्रतेवरून पुढील सौरचक्राचा अंदाज बांधला जात असल्याने ही उणीव महत्त्वाची ठरते. २०२० मध्ये सोडलेल्या सोलर ऑर्बिटर यानाने २०२५ मध्ये सूर्याच्या विषुववृत्ताच्या प्रतलापासून सुमारे १७ अंशांच्या कोनातून दक्षिण ध्रुवाची निरीक्षणे केली.

प्रत्यक्ष स्थानिक मापन

२०१८ मध्ये सोडलेले पार्कर सोलर प्रोब हे यान २८ एप्रिल २०२१ रोजी सूर्यकेंद्रापासून सुमारे १८.८ सौर त्रिज्यांवर सूर्याच्या चुंबकीय वर्चस्वाखालील बाह्य किरीटात शिरले. त्यावरील चुंबकमापकाने तेथील क्षेत्र जागेवरच मोजले. २४ डिसेंबर २०२४ रोजी हे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर अंतरावर पोहोचले. जेथे सौर ज्वाला निर्माण होतात तो किरीटाचा खालचा भाग मात्र अजूनही केवळ दूरस्थ निरीक्षणांच्याच आवाक्यात आहे.

भारतातील कार्य

उदयपूर येथील फतेहसागर तलावातील सौर वेधशाळेत ५० सेंटीमीटर व्यासाचा बहुउपयोगी सौर दूरदर्शक कार्यरत आहे. सभोवतालच्या पाण्यामुळे हवेतील उष्ण प्रवाहांचा उपद्रव कमी होतो आणि प्रतिमा स्थिर राहते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील करोनाग्राफ बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने तयार केला असून त्यात १,०७४.७ नॅनोमीटरच्या रेषेतील ध्रुवण मोजण्याची सोय आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेला अतिनील दूरदर्शक क्षेत्राचे थेट मापन करीत नाही. परंतु चुंबकीय घटनांना दीप्तिगोल व वर्णगोल कसा प्रतिसाद देतात, याच्या प्रतिमा तो पुरवितो. यानावरील चुंबकमापक एल-१ बिंदूजवळून वाहणाऱ्या सौर वाऱ्यातील क्षेत्र मोजतो. सूर्याकडून येणाऱ्या क्षेत्राची पृथ्वीजवळची ही नोंद भूचुंबकीय वादळांच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे.

हे सुद्धा पहा

सौरडाग
झीमन परिणाम
सौरचक्र
भूचुंबकीय वादळ
आदित्य एल-१